चौथ्या रिळाची पोच

कोइवुसाल्मीच्या कामगार भवनात दर गुरुवारी सकाळी दहाला कॉफी असते आणि सव्वादहाला एल्मी आणि हेल्का या दोघी बहिणींचं भांडण. भांडणाचे विषय मोजके आहेत. आईच्या पावात वेलदोडा किती पडायचा, एल्मीच्या ठिपक्यांच्या नव्या फ्रॉकला १९६३ च्या उन्हाळ्यात डांबर कुणी लावलं, आणि 'पलीकडची हाक' या चित्रपटात एल्मीचा चेहरा दिसतो की नुसता डोक्याचा रुमाल. फ्रॉकच्या बाबतीत हेल्काचं म्हणणं ठरलेलं आहे: शेजाऱ्यांच्या वासराने तो वाळत घातलेल्या दोरीवरून डांबरात ओढला. वेलदोड्याचा वाद पाव संपला की संपतो. चित्रपटाचा मात्र संपत नाही.

तो चित्रपट आमच्या गावात काढला होता. तळ्याच्या चिंचोळ्या गळ्यावर आज पूल आहे, तिथे तेव्हा तारेला धरून हाताने ओढायचा तराफा होता. नायिका हेलसिंकीहून आली, पण तराफा ओढणारी मुलगी गावातलीच हवी असं दिग्दर्शकाने ठरवलं आणि एकोणीस वर्षांच्या एल्मीला निवडलं. काम दोन मिनिटांचं. पलीकडच्या काठावरून एक माणूस हाक मारतो, मुलगी वळते आणि हसते. हे चौदा वेळा घेतलं गेलं. चित्रपट पुढच्या एप्रिलमध्ये आमच्या कामगार भवनात लागला, तेव्हा एल्मीला स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या कारखान्यात नोकरीला जाऊन तीन आठवडे झाले होते. त्यामुळे हेल्काने तो पाहिला आणि एल्मीने नाही. तेव्हा पाहिलेल्यांपैकी आता फारसं कुणी उरलेलं नाही.

"तुझी मान वळलीच नाही," हेल्का म्हणते. "पाठमोरी उभी, डोक्याला रुमाल. तुझ्या जागी खांब रोवला असता तरी चाललं असतं."

"मी चौदा वेळा वळले."

"वळली असशील. त्यांनी घेतलं नाही."

यंदाच्या मार्चमध्ये एल्मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली आणि कॉफीच्या टेबलावर तिने सगळ्यांना एकदाच काय ते सांगून टाकलं. दोन्ही डोळ्यांची कड शाबूत आहे, पण मधला भाग पुसट होत चाललाय. वाचता येत नाही. शरद ऋतूपर्यंत माणसांचे चेहरे ओळखू येणार नाहीत. उपाय नाही.

"हेल्काचा चेहरा आताच अर्धा गेलाय," ती म्हणाली. "काहीतरी चांगलंही होतंय म्हणायचं."

"माझा आवाज राहील," हेल्का म्हणाली.

"तेच तर."

मग एल्मी माझ्याकडे वळली. मी इथल्या पेपरात काम करतो आणि माझ्याकडे टाइप करायचं यंत्र असतं, म्हणून गावातली निम्मी पत्रं मीच लिहितो. "हेलसिंकीच्या संग्रहालयाला लिही," ती म्हणाली. "चौदा जूनला मी ऐंशीची होते. त्याच्या आत मला तो चित्रपट बघायचाय. एकोणीस वर्षांची मी कशी हसत होते ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. नुसता रुमाल निघाला तर रुमाल बघेन."

"रुमालच निघेल," हेल्का म्हणाली.

उत्तर एप्रिलच्या मध्यावर आलं. संग्रहालयातल्या सेन्नी रौतिओ नावाच्या बाईंनी दोन पानं लिहिली होती. गुरुवारी मी ती भवनात मोठ्याने वाचली. हाविस्तो फिल्म या कंपनीने चित्रपटाच्या एकूण आठ प्रती काढल्या होत्या. मूळ निगेटिव्ह ज्या प्रयोगशाळेत होती ती १९७१ मध्ये बंद पडली, डबे न्यायला कुणी गेलं नाही आणि ते कचऱ्यात गेले. कंपनी १९७४ मध्ये गुंडाळली गेली. तिच्यानंतर चित्रपट कुणाच्या मालकीचा हे कुणालाच माहीत नाही, म्हणून तो टीव्हीवर आला नाही आणि त्याच्या डिस्कही निघाल्या नाहीत. आठपैकी सात प्रती प्रदर्शनाची मुदत संपल्यावर करारानुसार नष्ट झाल्या. आठवी ओउलूकडच्या एका शाळेच्या माळ्यावर सापडली, पण तिच्यात सहाऐवजी पाचच रिळं आहेत. चौथं नाही.

"तराफा कितव्या रिळात?" एल्मीने विचारलं.

"चौथ्या," मागच्या टेबलावरून विल्यो म्हणाला.

विल्यो पेल्टोला भवनाच्या सिनेमाचा एकतीस वर्षं ऑपरेटर होता. आता तो शहाऐंशीचा आहे, पण प्रोजेक्टरच्या खोलीत जायचा तसा अजूनही जाकिटाची सगळी बटणं लावून येतो. पत्राचा शेवटचा परिच्छेद त्याच्याविषयी होता, नाव न घेता. शेवटची पूर्ण प्रत ऑक्टोबर १९६७ मध्ये कोइवुसाल्मी इथेच नष्ट करण्यात आली, तसा दाखला फायलीत आहे, असं त्यात म्हटलं होतं.

हे गावाला माहीत होतंच. परत पाठवायचा रेल्वेचा खर्च वाचावा म्हणून कंपनीने छापील फॉर्म पाठवला होता: प्रत जागेवरच कुऱ्हाडीने किंवा करवतीने निकामी करावी आणि सही करून कळवावं. विल्योने न्हाणीघरामागच्या ओंडक्यावर कुऱ्हाड चालवली. आवाज शेजाऱ्यांनी ऐकला होता.

मी पत्राची घडी घातली. विल्यो कॉफी ढवळत होता, खरं तर तो साखर घेत नाही. त्याला कुणी काही विचारलं नाही. एखाद्याने एखादी गोष्ट केलेली असली की ती का केलीस म्हणून चार लोकांत त्याला विचारणं आमच्याकडे बरं दिसत नाही. त्याने कॉफी संपवली, कप विसळला, टोपी घातली आणि गेला.

"त्याला सांगितलं ते त्याने केलं," एल्मी म्हणाली. "त्याला कशाला बोल लावायचा?" पण त्या दिवशी वेलदोड्यावरून भांडण झालं नाही.

पंधरा दिवसांनी सेन्नी रौतिओंचा फोन आला. त्या जुन्या फायली स्कॅन करत होत्या.

"त्या दाखल्याला मागची बाजू आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"फॉर्मवर छापलंय, 'वरील प्रतीची सर्व रिळे नष्ट केली आहेत.' त्यातलं 'सर्व' पट्टीने सरळ रेघ मारून खोडलंय आणि वर शाईने लिहिलंय, '१, २, ३, ५ व ६'. सहीच्या बाजूला बारीक अक्षरात, 'मागे पाहावे'. मी मागे पाहिलं. वाचू?"

"वाचा."

"'रीळ क्रमांक ४ नष्ट केलेले नाही. त्यात काम केलेल्या व्यक्तीने आपण येईपर्यंत ते राखून ठेवण्यास सांगितले आहे व मी तसा शब्द दिला आहे. पुढे काय करावे ते कळवावे. वि. पेल्टोला, ऑपरेटर.'" त्या थांबल्या. "पुढच्या बाजूला कंपनीचा 'नोंद झाली' असा शिक्का आहे. मागच्या बाजूला काहीच नाही. हा माणूस कधी वारला?"

"वारला नाही. मघाशी दुकानात दूध घेत होता."

तीन दिवसांनी, सोमवारी, त्या सकाळच्या बसने आल्या. तिशीच्या आतबाहेरची, उंच, पाठीवर मोठी पिशवी. मी त्यांना विल्योकडे घेऊन गेलो. आधी कॉफी झाली. त्यानंतर हवामान, बसचा प्रवास आणि यंदा तळ्यावरचा बर्फ कधी फुटला, हे सगळं झाल्याशिवाय सेन्नीने विषय काढला नाही. तेव्हाच मला ही बाई आवडली.

"चौथं रीळ अजून आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"कुठे?"

"तळघरात. बटाट्यांच्या शेजारी. तिथे उन्हाळा-हिवाळा सारखाच गारवा असतो."

"आणि तुम्ही सत्तावन्न वर्षं कुणाला सांगितलं नाही?"

"साडेछप्पन्न," विल्यो म्हणाला. "आणि सांगितलं. कंपनीला लेखी सांगितलं. अठ्ठ्याण्णव साली याच्या पेपराने छापलं की मी सहा रिळं फोडली, तेव्हा फोन करून सांगितलं, पाच, दुरुस्ती करा." त्याने माझ्याकडे बोट केलं. "यानेच घेतला होता फोन."

मला ते तिथे, त्या स्वयंपाकघरात आठवलं. तेव्हा मी नोकरीला नवा होतो. दुरुस्ती मी लिहून उपसंपादकाच्या टेबलावर ठेवली होती, तो म्हणाला होता, "पाच काय नि सहा काय," आणि त्याच दिवशी दोन ट्रक बर्फात अडकल्याची बातमी आली. मी तसं सांगितलं.

"ट्रक निघाले का?" विल्योने विचारलं.

"निघाले."

"मग ठीक."

त्याने डबा वर आणला. सेन्नीने झाकण उघडलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे वास घेतला. अशी जुनी फिल्म खराब व्हायला लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो, त्या म्हणाल्या. डबा त्यांनी माझ्याही नाकाखाली धरला. किंचित बटाट्यांचा वास होता.

"दर मेच्या पहिल्या रविवारी काढतो, दोन तास वाऱ्यावर ठेवतो आणि उलटी गुंडाळतो," विल्यो म्हणाला. "परवा नाही का, तीन मेला... नाही, चूक. पाच मेला. कालच."

सेन्नीने फिल्मची सुरुवातीची वीतभर पट्टी पांढऱ्या हातमोज्यांनी उजेडात धरली. त्यांचा चेहरा इतका उजळला की विल्यो जरा मागे सरकला.

"पेल्टोला, तुम्हाला कल्पना आहे का काय आहे हे? या रिळाची जगात दुसरी प्रत नाही. मी हे आजच हेलसिंकीला नेते."

"नाही नेता येणार."

"का?"

"कंपनीचं उत्तर आलेलं नाही."

"कंपनीच राहिलेली नाही!"

"मग तिच्या जागी जे कुणी असतील त्यांचं येऊ दे. मी 'कळवावे' असं लिहिलंय. उत्तराआधी वस्तू दिली तर मी लिहिलं त्याला काय अर्थ राहिला?"

"निदान एल्मींना तरी दाखवा," मी म्हणालो. "ते राखून ठेवायला सांगणारी व्यक्ती तीच ना?"

विल्योने ड्रॉवर उघडला. बॅटरीचे सेल, सुतळी, आणि त्याखाली पाकिटात एक पोस्टकार्ड होतं. गोथेनबर्गचं बंदर, मागे तिरपं, घाईचं अक्षर.

"तिला शब्द दिला तो ठेवायचा," तो म्हणाला. "ठेवलंय. दाखवायचा शब्द दिला नव्हता. ती कंपनीची वस्तू आहे. दुसऱ्याची वस्तू मी परस्पर कशी दाखवू?"

मी एल्मीला हे सांगितलं. मग तिने बूट चढवले. मी मागोमाग गेलो, आणि हेल्काही आली. ती बहिणीला एकटीला कुठेच जाऊ देत नाही.

विल्योच्या अंगणात एल्मीने पोस्टकार्ड डोळ्यांच्या एका कडेला धरून पाहिलं, मग दुसऱ्या, आणि शेवटी माझ्या हातात दिलं.

"'विल्यो, माझा तुकडा जपून ठेव, युहान्नुसला येते. एल्मी.'" मी वाचलं. युहान्नुस म्हणजे आमचा जूनमधला मध्यउन्हाळ्याचा सण. खाली तारीख होती, एप्रिल १९६४.

"हे मी लिहिलं?" एल्मी म्हणाली. "मला काही आठवत नाही. त्या वसंतात मी गावातल्या सगळ्यांनाच कार्डं पाठवत होते. घरची आठवण यायची." ती विल्योकडे वळली. "आणि मग त्या युहान्नुसला मला रूने भेटला, लग्न झालं आणि मी आलेच नाही."

"कुठल्या वर्षीच्या युहान्नुसला ते तू लिहिलं नव्हतंस," विल्यो म्हणाला.

"विल्यो, रूने गेल्यावर मी दोन हजार पाच साली परत आले. एकोणीस वर्षं मी तुझ्यापासून चारशे मीटरवर राहते."

"तीनशे ऐंशी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. मला वाटलं, आता तुला नको असेल. माणसाला जुनं सगळं हवंच असतं असं नाही. आणि कंपनीचंही उत्तर नव्हतं."

"मी कशी विचारणार? मला हेल्काने सांगितलं की तू सगळं फोडलंस."

विल्यो हेल्काकडे पाहू लागला. "हेल्काने मला विचारलं नव्हतं."

हेल्का न्हाणीघरामागच्या ओंडक्याकडे बघत होती. "कुऱ्हाडीचा आवाज आला होता," ती म्हणाली. "मी काय घाव मोजत बसणार होते? आणि एवढ्याशा रुमालासाठी काय हा खटाटोप! तुझ्या डोळ्यांना ताण येईल, एल्मी. डॉक्टरांना विचारलंस का?"

"बहात्तर घाव असते तर सहा रिळं," विल्यो म्हणाला. "साठ होते."

चौदा जूनला सहा आठवडेही उरले नव्हते. सेन्नी रोज संध्याकाळी मला फोन करून कुठपर्यंत पोचल्या ते सांगायच्या. त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं की चित्रपट हरवतो तो बहुधा आगीत किंवा पुरात नाही, तर कपाटांच्या मधल्या फटीत. हाविस्तोंना मूलबाळ नव्हतं. कंपनी गुंडाळताना तिचं लिखापढीचं काम पाहणारा वकील १९८० मध्ये वारला. त्याची कागदपत्रं दुसऱ्या वकिलाकडे गेली, त्याची तिसऱ्याकडे. तिसऱ्याच्या नातीला एका खोक्यात वाटणीची यादी मिळाली. हाविस्तोंच्या मेहुण्याला मिळालं होतं: लिहायचं टेबल एक, खुर्च्या दोन, टोप्या अडकवायचा खांब एक, आणि 'इतर सर्व हक्क'.

मेहुण्याचं आडनाव नुर्मेला. त्याचा लाहतीजवळ शिड्यांचा कारखाना होता. तो अजून आहे आणि मेहुण्याचा नातू पेर्टी तो चालवतो. त्यांचं बोलणं सेन्नीने मला जसंच्या तसं सांगितलं.

"आमच्याकडे शिड्या मिळतात," पेर्टी नुर्मेला म्हणाले. "लाकडाच्या आणि अॅल्युमिनियमच्या."

"हो, पण एक चित्रपटही तुमचाच आहे."

"आमचा?" मागे करवत चालू होती. "चांगला आहे का?"

"सहापैकी पाच भाग मी पाहिलेत. तेवढा चांगला आहे."

"टोप्यांचा खांब आमच्याकडेच आहे," पेर्टी म्हणाले. "मी रोज त्यालाच कोट अडकवतो. त्याच्याबरोबर सिनेमा आला होता हे आजोबा कधी बोलले नाहीत."

तेवीस मेला विल्योला पत्र आलं. त्याने ते वाचून माझ्याकडे वाचायला दिलं, कारण चष्मा पुसायला त्याला हात मोकळे हवे होते. वर शिडीचं चित्र होतं. 'आपले २३ ऑक्टोबर १९६७ चे पत्र मिळाले. रीळ क्रमांक ४ नष्ट करू नये. ते संग्रहालयास द्यावे व संबंधित व्यक्तीस अवश्य दाखवावे. उत्तरास थोडा विलंब झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. पे. नुर्मेला.' शेवटी हाताने लिहिलं होतं: 'गावाला काही उपयोगाची वस्तू लागत असल्यास कळवावे.'

"आता झालं," विल्यो म्हणाला. त्याने पत्र घडी घालून ड्रॉवरमध्ये पोस्टकार्डाशेजारी ठेवलं आणि डबा आणायला खाली गेला. सेन्नीने तो हेलसिंकीपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही.

उपयोगाची वस्तू लागणार होतीच. जूनमध्ये आमच्याकडे संध्याकाळी सहाला दुपारसारखं ऊन असतं आणि भवनाच्या सभागृहाला आठ उंच खिडक्या आहेत. सिनेमाच्या काळातले काळे पडदे केव्हाच उंदरांनी खाल्ले. पेर्टी नुर्मेला स्वतः गाडीच्या टपावर सहा मीटरची नवी शिडी बांधून आले, आणि चौदा तारखेच्या दुपारी तीच शिडी लावून आम्ही खिडक्यांवर घोंगड्या ठोकल्या. विल्यो खालून सांगत होता कुठे फट राहिली ते. शेवटची फट हेल्काच्या बाजूची होती.

"राहू दे ती," हेल्का म्हणाली. "दार कुठे आहे ते दिसायला हवं."

"पूर्ण अंधार," विल्यो म्हणाला.

सभागृहात एकशे चाळीस माणसं बसली. एल्मी निळा स्वेटर घालून पहिल्या रांगेत मधोमध होती. हेल्का शेवटच्या रांगेत दाराशी बसायला निघाली होती. एल्मीने न वळताच हाक मारली, "इकडे ये. रुमाल कुठला ते मला दाखवायला कोण आहे?" हेल्का येऊन शेजारी बसली.

जुनी फिल्म प्रोजेक्टरवर चढवायला सेन्नीने स्पष्ट नकार दिला होता. सहाही रिळं स्कॅन करून जोडली होती आणि त्यांचा संगणकच चित्र दाखवणार होता. विल्योला करण्यासारखं काही नव्हतं. तरी तो प्रोजेक्टरच्या खोलीत जाऊन उभा राहिला. दर पाव तासाने पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकायचा, पूर्वी एका यंत्रावरून दुसऱ्यावर जायची खूण. सेन्नीने नंतर सांगितलं की प्रत्येक ठिपक्याला त्याचा हात आपोआप वर जात होता.

तिसरा ठिपका आला. चौथं रीळ सुरू झालं. पडद्यावर आमचं तळं आलं, पूल नसलेलं. सभागृहात एकदम कुजबुज झाली, कारण बऱ्याच जणांनी ते तसं कधी पाहिलंच नव्हतं.

तराफा पाण्याच्या मधोमध होता. तारेला धरून एक मुलगी, पाठमोरी, डोक्याला रुमाल.

"बघ," हेल्का पटकन म्हणाली. "झालं. एवढंच. आता डोळ्यांना विश्रांती दे."

"थांब."

कॅमेऱ्याच्या बाजूने एका माणसाने हाक मारली. मुलीने तार सोडली, रुमाल मागे सरकला आणि ती वळली. आधी तिला कुणी दिसलं नाही, मग दिसलं, आणि ती हसली. अभिनय नव्हता तो. चौदाव्यांदा तेच करायला लावल्याचा राग, आणि त्या रागाचंच तिला आलेलं हसू. पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले होते. सभागृहात पुढून मागून लोक टाळ्या वाजवू लागले.

एल्मी टाळ्या वाजवत नव्हती. तिने मान डावीकडे वळवली होती, म्हणजे चेहरा डोळ्याच्या कडेत यावा. "हां," ती स्वतःशीच म्हणाली. "ही मी. दात बघ कसे आहेत." मग ती पुढे झुकली.

वर म्हटलंच आहे की तिच्या डोळ्यांचा मधला भाग गेला होता, कड शाबूत होती. पडद्याच्या मधोमध एकोणीस वर्षांची एल्मी हसत होती, तिच्याकडे सगळं गाव बघत होतं. कडेला, तिच्या पाठीमागच्या काठावर, डांबराने नुकताच रंगवलेला लाकडी धक्का होता. एल्मीने धक्क्याकडे पाठ फिरवली रे फिरवली, तशी तिथल्या होड्यांच्या छपराआडून एक सतरा वर्षांची मुलगी बाहेर आली, कॅमेऱ्याकडे तोंड करून थेट धक्क्याच्या टोकाला उभी राहिली आणि तिने स्वतःभोवती एक गिरकी घेतली. फ्रॉकचा घेर पसरला आणि धक्क्याच्या खांबाला घासला. फ्रॉकवर मोठे ठिपके होते.

"हेल्का!" एल्मी अंधारात ओरडली. "माझा फ्रॉक!"

चित्र पुढे सरकलं, पण सभागृह सरकलं नाही. एल्मीचा ठिपक्यांचा फ्रॉक माहीत नाही असा माणूस त्या खोलीत नव्हता. कॉफीला येणाऱ्यांपैकी कुणीतरी मागून विचारलं, "आणि ते वासरू?" मग जे हसणं सुरू झालं ते पुढचा प्रसंग लागला तरी थांबेना. सेन्नीला संगणक थांबवावा लागला. विल्योने प्रोजेक्टरच्या खोलीचं दार उघडून बाहेर डोकं काढलं. एकतीस वर्षांत खेळ मधेच थांबण्याचा त्याचा हा पहिला प्रसंग होता.

"साठ वर्षं," एल्मी म्हणाली. "साठ वर्षं तू मला रुमाल रुमाल म्हणत होतीस!"

"साठ वर्षं आणि दोन महिने," विल्यो दारातून म्हणाला.

"मला काय माहीत ते चौदावंच घेतील म्हणून," हेल्का म्हणाली. दिवे लागले होते आणि ती मानेपर्यंत लाल झाली होती. "आधीच्या तेरा वेळी मी छपराआडच होते. तुला घेतलं आणि मला घेतलं नाही. मला पण सिनेमात यायचं होतं. पहिल्या खेळाला मी इथे याच जागी बसले होते. तू आलीस, मागे मी आले, आणि मी खुर्चीत खाली सरकले. आई शेजारी होती. तिच्या लक्षात आलं नाही, ती तुझ्याकडेच बघून रडत होती."

"म्हणजे आईने मला वळताना पाहिलं?"

"पाहिलं. घरी येऊन सगळ्यांना करून दाखवत होती. तुला जाणारी तिची पत्रं मात्र मीच लिहायचे." हेल्काने नाक पुसलं. "तू छान हसलीस. सगळ्या चित्रपटात तेवढंच बघण्यासारखं आहे. आता बोलले मी, परत बोलणार नाही."

एल्मीने तिचा हात धरला आणि तो तसाच धरून सेन्नीला हाक मारली. "पोरी, तेवढं परत दाखव. मला एकदा माझ्याकडे बघायचंय आणि एकदा फ्रॉककडे. दोन्ही एका वेळी नाही जमत मला."

सेन्नीने ते पाच वेळा दाखवलं. तिसऱ्या वेळी हेल्काने डोळ्यांवरचा हात काढला. पाचव्या वेळी ती पुढे झुकून बघत होती.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात मी दुसऱ्या पानावर दुरुस्ती दिली: नोव्हेंबर १९९८ मधील वृत्तात रिळांची संख्या सहा अशी चुकून छापली गेली, ती पाच अशी वाचावी. विल्योने फोन करून पोच दिली. हेल्कानेही फोन केला, पण फ्रॉकबद्दल आम्ही काही छापू नये असं सांगायला नाही. पेपरात लावायला त्या प्रसंगाचं चित्र मिळेल का, असं तिने विचारलं, आणि मिळालं तर एल्मीची बाजू कापली तरी चालेल, असंही.

पुढच्या गुरुवारी सव्वादहाला मी भवनात पोचलो तेव्हा त्या दोघींचं सुरू झालेलं होतं.

"भरपाई म्हणून तू मला नवा शिवून दे," एल्मी म्हणत होती.

"कशाला? तो तुझ्यापेक्षा मलाच शोभत होता," हेल्का म्हणाली आणि पावाचा मोठा तुकडा तोडला. "आता तर पुरावाही आहे."